लोटस ४९ : इंजिनच चासी असलेली गाडी १/१२ मध्ये बांधताना

४ जून १९६७ रोजी झांडफोर्टच्या डच ग्रां प्रीमध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या (एफ-१) शर्यतीत, लोटस ४९ पहिल्यांदा उतरली. ग्रॅहम हिलने पोल (सुरुवातीची सगळ्यात पुढची जागा) घेतली आणि आठव्या जागेवरून सुटलेल्या जिम क्लार्कने शर्यत जिंकली. गाडी नवी, इंजिनही नवं, आणि पहिल्याच दिवशी विजय. कॉलिन चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांनी आखलेल्या या गाडीत ड्रायव्हरच्या पाठीमागे चासी संपते. तिथून मागे कीथ डकवर्थचं फोर्ड कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन सुरू होतं : ९० अंशांचं व्ही-८, २९९३ सीसी, ३२ व्हॉल्व्ह. मागचं सस्पेन्शन या इंजिनाला आणि त्यामागच्या झेडएफ गिअरबॉक्सला बांधलेलं आहे. म्हणजे मागच्या चाकांचा सगळा भार इंजिनाच्या ब्लॉकमधून पुढे येतो, खाली वेगळी फ्रेम नाहीच.

मॉडेल बांधणाऱ्याने ही गोष्ट आधी समजून घ्यावी. फ्रेम असलेल्या गाडीत इंजिन थोडं तिरकं बसलं तरी खपून जातं, कारण चाकं फ्रेमवर असतात. लोटस ४९ मध्ये टब (ड्रायव्हर बसतो तो पुढचा सांगाडा) आणि इंजिन यांचा सांधा तिरका झाला की मागची चाकं तिरकी होतात आणि रंग कितीही आरशासारखा असला तरी गाडी वाकडी दिसते. बहुतेक जण सगळा जीव हिरव्या रंगात ओततात. माझं स्पष्ट मत आहे की निम्मा वेळ त्या एका सांध्याला द्यावा. म्हणून इथे आधी सांधा, मग रंग.

तामिया या मॉडेल कंपनीच्या १/१२ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्श्याएवढ्या, प्लास्टिकच्या किटला धरून लिहितो आहे; गाडी १९६७ च्या रूपातली. हाच क्रम १/२० लाही चालतो, फक्त मापं लहान होतात.

काच, गुण्या आणि तो सांधा

आधी सपाट पृष्ठभाग हवा. लाकडी टेबल सपाट नसतं, सनमायकाही नसतो. काचेच्या दुकानातून ५ मि.मी. जाडीचा ४५ बाय २५ सें.मी.चा तुकडा कडा घासून घ्या. त्यावर बारीक मार्करने मधोमध एक लांब रेघ ओढा आणि तिला काटकोनात दोन आडव्या रेघा, एकमेकींपासून २०१ मि.मी. वर. खऱ्या गाडीचा व्हीलबेस २४१३ मि.मी., त्याला १२ ने भागलं की २०१. पुढचा आस एका रेघेवर आणि मागचा दुसऱ्या रेघेवर आला पाहिजे. ही काच शेवटपर्यंत जिग म्हणून वापरायची.

टबचे भाग चिकटवण्यापूर्वी मास्किंग टेपने कोरडे जोडून काचेवर ठेवा. चारी कोपऱ्यांखाली कागदाची पट्टी सरकवून पाहा. एका कोपऱ्याखाली पट्टी सहज जात असेल आणि बाकी तिन्हींकडे अडकत असेल, तर टबमध्ये पीळ आहे. लांब पातळ भागांत असा पीळ पुष्कळदा खोक्यातूनच येतो. कोमट पाण्यात, बोट ठेवता येईल इतपत गरम, दोन मिनिटं ठेवून हाताने उलट दिशेला हलका पीळ द्या आणि काचेवर वजनाखाली थंड होऊ द्या. उकळतं पाणी नको. पॉलिस्टायरिन ९०-१०० अंशांच्या आसपास मऊ होतं आणि पातळ कडा त्याच्या बऱ्याच आधी लाटा घेतात.

आता इंजिन. ब्लॉकचे अर्धे, हेड्स आणि सम्प (खालचं तेलाचं भांडं) जोडून पूर्ण २४ तास सुकू द्या. मग काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर चिकटवा आणि इंजिनाचा पुढचा तोंडाचा भाग, जो टबला टेकतो तो, त्यावर आठचा आकडा काढत घासा. त्याआधी त्या तोंडावर पेन्सिलने जाळी काढून घ्या. जाळी सगळीकडे सारखी पुसली गेली की तोंड सपाट झालं. मधेच राहिली तर मध्ये खळगा आहे, एका बाजूला राहिली तर तोंड तिरकं आहे. टबच्या मागच्या भिंतीलाही हेच करा. दोन्ही तोंडं सपाट झाल्यावर गुण्या लावून पाहा. सुताराचा मोठा गुण्या इथे कामाचा नाही, ५० किंवा ७५ मि.मी.चा छोटा इंजिनिअरिंग गुण्या घ्या. आपल्या सोलापूरच्या एमआयडीसीत फिटर वापरतात तोच.

इतका आटापिटा कशासाठी, ते आकड्यांत पाहा. समजा टेकणाऱ्या तोंडाची रुंदी ५० मि.मी. आहे आणि मागचा आस तिथून तेवढाच मागे आहे. तोंडाच्या एका बाजूला ०.३ मि.मी. फट राहिली, म्हणजे जाड कागदाच्या दोन घड्यांएवढी, तर मागचा आस बाजूला ०.३ मि.मी. सरकतो. हे एकवेळ डोळ्यांना दिसणार नाही. पीळ मात्र वेगळा. मागच्या दोन चाकांतलं अंतर १२५ मि.मी. हून जास्त आहे, त्यामुळे इंजिन टबच्या मानाने फक्त १ अंश फिरलं तरी एक चाक दुसऱ्यापेक्षा दोन मि.मी. वर जातं. गाडी तीन चाकांवर उभी राहते आणि चौथं हवेत. ही चूक नंतर कशानेही झाकत नाही.

म्हणून इथे नुसता गोंद पुरत नाही, पिना घालाव्या लागतात. इंजिनाच्या तोंडावर वर दोन आणि खाली दोन अशा जागा ठरवून १ मि.मी.च्या ड्रिलने ५ मि.मी. खोल भोकं घ्या आणि त्यांत पितळी तार बसवा. पिनांच्या टोकांना पेंटचा थेंब लावून टबवर टेकवा. जिथे ठिपका उमटेल तिथे टबमध्ये भोक, यावेळी १.२ मि.मी.चं. हा ०.२ मि.मी.चा ढिलेपणा मुद्दाम ठेवायचा, म्हणजे शेवटी काचेवर बारीक फिरवून नेमकं बसवता येतं. पिना असल्या की इंजिन आणि टब वेगवेगळे रंगवता येतात आणि पुन्हा त्याच जागी येतात.

खऱ्या गाडीतली जोडणी इथे जवळून पाहण्यासारखी आहे. खाली इंजिन सम्पपाशी दोन ठिकाणी घट्ट बोल्ट केलेलं आहे. वर मात्र कॅम कव्हरपासून टबपर्यंत पातळ पोलादी पट्ट्या आहेत. इंजिन तापलं की अॅल्युमिनियम प्रसरण पावतं, हेड्स बाजूला सरकतात, आणि त्या पट्ट्या लवून तेवढी वाट देतात. जाड ब्रॅकेट लावला असता तर प्रसरणाने टबची भिंतच ताणली गेली असती. किटमध्ये या पट्ट्या प्लास्टिकच्या जाडीमुळे ढोबळ दिसतात. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मि.मी.चा असतो, तो कात्रीने कापून लावला की पट्टी खरी वाटते. जुन्या रिफिलच्या टोकाने मागून हलकं दाबलं की बोल्टचं डोकंही उमटतं. सगळ्या मॉडेलमध्ये मला सगळ्यात प्रिय जागा हीच, कारण डकवर्थचा विचार एवढ्याशा पट्टीत दिसतो.

पिना बसल्या की मागचं सस्पेन्शन कोरडं जोडून पाहाच. दर बाजूला दोन रेडियस रॉड आहेत. ते मागच्या अपराइटपासून (चाक धरणाऱ्या उभ्या भागापासून) निघून थेट टबला येतात, म्हणजे सांध्याच्या दोन्ही बाजू जोडतात. सांधा बरोबर असेल तर रॉड न ताणता आपापल्या भोकात बसतात. एका बाजूचा रॉड धनुष्यासारखा वाकत असेल आणि दुसऱ्या बाजूचा पोचत नसेल, तर दोष रॉडचा नाही, तोंडाचा आहे. रॉड कापून जुळवू नका. परत वॉटर पेपरवर जा आणि ज्या बाजूचा रॉड वाकतो त्याच्या उलट बाजूचं तोंड घासा. एका वेळी दहा फेऱ्या, मग पुन्हा तपासणी.

पुढच्या बाजूला स्प्रिंग टबच्या आत आहेत आणि वरचा आर्म रॉकरसारखा, म्हणजे सी-सॉसारखा, काम करतो. तिथे एकच काळजी : रॉकरच्या पिवटमध्ये गोंद शिरू देऊ नका. पिवटला आधी किंचित व्हॅसलीन लावा, मग गोंद. प्लास्टिकची गाडी हलकी असते, त्यामुळे किटच्या धातूच्या स्प्रिंग दबत नाहीत आणि नाक वर राहतं. टबच्या तळाशी पुढे ३०-४० ग्रॅम शिसं चिकटवलं की गाडी नीट बसते. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगची चिकट वजनं सुटी मिळतात, तीच वापरा.

रिव्हेट वाचवा

लोटस ४९ चा टब अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा, रिव्हेट मारलेला आहे आणि तोच बाहेरचा बॉडीवर्कही आहे. नाक आणि कॉकपिटच्या भोवतीचा भाग फायबरग्लासचा. त्यामुळे टबवर रिव्हेटच्या ओळी दिसल्या पाहिजेत, नाकावर नाही. सांधा घासताना ओळी उडतात. घासण्याआधी ओळीच्या दोन्ही बाजूंना टेप लावा आणि पॉलिश पेपर बोटाने न धरता आइस्क्रीमच्या काडीला चिकटवून वापरा. उडालेच रिव्हेट तर फेविकॉलमध्ये चौथा हिस्सा पाणी घालून सुईच्या टोकाने थेंब ठेवा, ०.५ मि.मी.चे. खालच्या टेपवर मि.मी.च्या खुणा करून अंतर सारखं ठेवा. सुकल्यावर थेंब बसतो आणि त्यावर प्रायमर मारला की साच्यातल्या रिव्हेटपासून वेगळा ओळखू येत नाही.

लांबी, म्हणजे पुट्टी, भरली असेल तर घाई नको. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांत लांबी वरून तासाभरात दगड होते, आत मात्र ओली राहते. त्याच दिवशी घासून रंगवली की दोन आठवड्यांनी आतलं सॉल्व्हंट उडतं, लांबी आक्रसते आणि सांध्याची रेघ रंगातून वर येते. पातळ सिमेंटने जोडलेल्या सांध्याचंही तेच. आठवडाभर थांबणं हाच उपाय.

आठ कर्णे आणि रिवाइंडिंगची तार

डीएफव्हीच्या व्हीमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगांमध्ये, आठ इनटेक ट्रम्पेट (हवा आत घेणारे कर्णे) उभे असतात. किटमध्ये ते क्रोम मुलामा दिलेले येतात. क्रोम फार चकाकतं, खरे कर्णे पॉलिश केलेल्या अॅल्युमिनियमचे असतात. मुलामा काढायचा तर घरातल्या ब्लीचमध्ये तासभर बुडवून ठेवा. क्रोम निघून जातं आणि खाली पिवळसर लॅकरचा थर उरतो, तो बारीक पॉलिश पेपरने घासायचा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा कोणतंही आम्ल कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. क्रोम ठेवायचंच असेल तर चिकटवण्याची जागा ब्लेडने खरवडा. प्लास्टिकचं सिमेंट क्रोमला धरत नाही.

इंजिन एकाच चंदेरी रंगात रंगवलं की खेळण्यातलं वाटतं. ब्लॉकला तामियाचा एक्सएफ-१६ फ्लॅट अॅल्युमिनियम, दहा थेंबांत एक थेंब एक्सएफ-१ काळा. हेड्सना नुसता एक्सएफ-१६. गिअरबॉक्सच्या केसिंगला त्यातच किंचित तपकिरी. तीन छटा शेजारी आल्या की ओतीव धातू वेगवेगळ्या साच्यांतून आल्यासारखा दिसतो. मग तपकिरी-काळ्या ऑइल पेंटचा पातळ वॉश द्या, फक्त खाचांत. जून १९६७ मधली नवी गाडी आहे, तिच्यावर तेलाचे ओघळ काढू नका.

स्पार्क प्लगच्या वायरी किटमध्ये ट्यूबच्या येतात, त्या कडक असतात आणि वळणावर मोडतात. आपल्या गावात यावर उत्तम इलाज आहे. पॉवरलूमच्या मोटरी सतत जळतात, म्हणून अशोक चौक-अक्कलकोट रोडच्या पट्ट्यात मोटर रिवाइंडिंगची दुकानं आहेत, आणि तिथे एनॅमल केलेली तांब्याची तार एसडब्ल्यूजी नंबराने मिळते. प्लगची खरी वायर साधारण ७ मि.मी. जाड, १/१२ मध्ये ०.६ मि.मी. २४ नंबरची तार ०.५६ मि.मी. आणि २३ नंबरची ०.६१. २४ घ्या, वर रंगाचा थर चढतोच. ब्रेकच्या पाइपला २८ नंबर, ०.३८ मि.मी. तुकड्याचं वजन करून देतात, ५० ग्रॅम घेतली तर दहा गाड्यांना पुरेल. तार वापरण्याआधी गॅसच्या बारीक ज्योतीवर लाल करून पाण्यात बुडवा. तांबं नरम होतं आणि वळण धरून ठेवतं. एनॅमल जळलेलं असतं, ते पॉलिश पेपरने पुसून घ्या, नाहीतर रंग सोलून निघतो. आधी आठही तारा एकाच लांबीच्या कापू नका. पुढच्या सिलिंडरला जवळचं आणि मागच्याला लांबचं अंतर आहे. प्रत्येक तार प्लगच्या भोकात ०.६ चं ड्रिल मारून अडकवा, मग वळवा, मग कापा.

इथे एक इशारा. लोटस ४९ चे आज मिळणारे रंगीत फोटो बहुतेक जीर्णोद्धार केलेल्या गाड्यांचे असतात. त्यांत नवे होज, नव्या क्लिपा आणि आताच्या नियमांचे पट्टे आलेले असतात. १९६७ साली एफ-१ मध्ये सीट बेल्ट सक्तीचे नव्हते आणि क्लार्कच्या गाडीत ते नव्हते. सक्ती १९७२ ची. त्यामुळे हौसेने सहा टोकांचा हार्नेस लावू नका. विंगही नको, त्या १९६८ मध्ये आल्या. तंबाखू कंपनीचा लाल-सोनेरी-पांढरा वेशही १९६८ चा. झांडफोर्टची गाडी हिरवी, वर पिवळा पट्टा, आणि क्लार्कचा नंबर ५.

हिरवा आणि पिवळा

सोलापुरात रंगाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आसपासचे दिवस, सकाळी दहा ते बारा. हवा कोरडी, तापमान पंचविशीत. बाकीच्या वर्षात दोन शत्रू आहेत आणि त्यांचे उपाय उलटे आहेत.

उन्हाळ्यात रंगाचा थेंब हवेतच सुकतो. पृष्ठभागावर पडतो तेव्हा तो पसरत नाही आणि बोट फिरवलं तर रंग रव्यासारखा लागतो. इथे थिनर वाढवून भागत नाही, सावकाश उडणारं थिनर लागतं. मिस्टर कलरचं लेव्हलिंग थिनर घ्या किंवा लॅकर थिनरमध्ये ५ ते १० टक्के रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) घाला. एअरब्रश १५ सें.मी. ऐवजी १० सें.मी. वरून, दाब १५-१८ पीएसआय, आणि काम सकाळी सहाला. पत्र्याच्या खोलीत दुपारी रंगवूच नका.

पावसाळ्यात, आणि आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात असतो, थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि चकचकीत हिरव्यावर दुधी पडदा येतो. याला पेंटर ब्लशिंग म्हणतात. लगेच लक्षात आलं तर रिटार्डर मिसळलेल्या नुसत्या थिनरचा अगदी हलका फवारा मारला की पडदा विरघळतो. सुकल्यावर आला तर घासून पुन्हा.

तिसरी अडचण खास या शहराची आहे. पूर्व भागात, लूमच्या जवळपास घर असेल तर हवेत कापसाचं तूस असतं. ओल्या रंगावर एक तंतू पडला की तो केसासारखा दिसतो. रंगवण्याआधी अर्धा तास खोलीत सडा टाका, पंखा बंद करा आणि भाग पुठ्ठ्याच्या उभ्या खोक्यात टांगून रंगवा, खोक्याच्या आतल्या भिंती पाण्याने ओल्या करून. आणि टर्किश टॉवेलने मॉडेल पुसू नका. आपला टॉवेल अंग पुसायला जगात भारी, पण नवा असताना त्याचे सुटे धागे झडतात. दहा-पंधरा वर्षं धुतलेल्या धोतराचा तुकडा सगळ्यात चांगला. चादरीला मात्र वेगळं काम आहे : तिची एक कड टेबलाला चिमट्याने लावा आणि दुसरी मांडीवर घ्या. चिमट्यातून उडालेला भाग फरशीवर न जाता चादरीत पडतो. साधी एकरंगी चादर घ्या, मोर-फुलांच्या नक्षीत दोन मि.मी.चा नट सापडत नाही.

रंगांचा क्रम असा. सगळ्या बॉडीला राखाडी प्रायमर, १००० च्या वॉटर पेपरने ओलं घासून. बाजूने टॉर्च मारून पाहा, ओरखडे आणि खळगे तिरक्या उजेडातच दिसतात. मग नाकापासून कॉकपिटपर्यंतच्या पट्ट्याच्या जागेवर, हवा त्याहून रुंद, पांढरा प्रायमर आणि त्यावर टीएस-१६ पिवळा (टीएस म्हणजे तामियाचे स्प्रे कॅन). पिवळा आधी, हिरवा नंतर, याचं कारण सोपं आहे. पिवळ्या रंगाची झाकण्याची ताकद कमी असते. हिरव्यावर पिवळा मारला तर सात-आठ थर लागतात, तरी शेवाळी छटा उरते आणि पट्ट्याच्या कडेला पायरी होते. पांढऱ्यावर तीन थर पुरतात. पट्टा डीकलनेही (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रानेही) होतो, पण नाकाच्या दुहेरी वळणावर डीकल सुरकुततो, म्हणून मी रंगाच्याच बाजूने आहे. रुंदी कळण्यासाठी डीकलच्या कागदाची मूळ मापाची झेरॉक्स काढा आणि ती साचा म्हणून वापरा.

पिवळा ४८ तास सुकला की टेप. हार्डवेअरच्या दुकानातला कागदी टेप उष्णतेत डिंक सोडतो, इथे मॉडेलिंगचाच टेप हवा. टेपच्या रिळाच्या कडेला तूस चिकटलेलं असतं, म्हणून टेप काचेवर चिकटवून नव्या ब्लेडने दोन्ही कडा कापून घ्या. लावल्यावर कड नखाने दाबा आणि त्यावर टीएस-१३ क्लिअरचा एक अगदी हलका फवारा. कडेखाली काही शिरायचं असेल तर ते बिनरंगी क्लिअर शिरेल आणि वाट बंद होईल. मग टीएस-९ हिरवा : दोन धुक्यासारखे थर, पंधरा-पंधरा मिनिटांनी, मग दोन ओले. १०० मि.ली.चा एक कॅन या बॉडीला पुरतो, पण दोन घ्या. एरोसोल विमानाने पाठवत नाहीत, रस्त्याने पुण्या-मुंबईहून यायला वेळ लागतो, आणि अर्ध्यात संपला तर काम अडतं.

कॅनमधला रंग एअरब्रशने मारायचा असेल तर स्ट्रॉ लावून बाटलीत काढता येतो. त्यात विरघळलेला वायू असतो. बाटलीचं झाकण लगेच लावलं तर उन्हाळ्यात ती फसफसून उडते. झाकण सैल ठेवून रात्रभर सोडा. टेप शेवटच्या थरानंतर अर्ध्या तासात, स्वतःवर मागे दुमडत काढा. पूर्ण सुकल्यावर काढला तर कडेचे टवके निघतात.

कार पेंटच्या दुकानातलं एनसी थिनर नुसतं प्लास्टिकवर पडू देऊ नका. पॉलिस्टायरिनवर बारीक भेगांची जाळी उठते. टू-के क्लिअर कोट मात्र चकाकी फार सुंदर देतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसांना कायमचं इजा करू शकतं. ऑरगॅनिक व्हेपरच्या कार्ट्रिजचा मास्क आणि मोकळी गच्ची नसेल तर टीएस-१३ वरच थांबा. कापडी मास्क याला चालत नाही.

डीकलसाठी नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. आपलं पाणी जड आहे, सुकल्यावर डीकलखाली पांढरे क्षार राहतात. पेट्रोल पंपावर मिळतं ते बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घ्या. डीकल दोन दिवस सुकले की क्लिअरचे पहिले तीन थर दुरून, कोरडे, मगच ओला. पहिलाच थर ओला मारला तर लॅकर डीकलला चावतो आणि आकडा सुरकुततो. आठ दिवसांनी २००० आणि ३००० नंबरने ओलं घासून पॉलिश कंपाउंड लावा. कडांवर आणि रिव्हेटवर पेपर फिरवू नका, तिथे थर सर्वांत पातळ असतो आणि दोन फेऱ्यांत खालचा प्रायमर दिसतो.

विंडस्क्रीन सगळ्यात शेवटी, आणि सुपरग्लू त्याच्या जवळही नको. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी बुरशी आल्यासारखं होतं. पातळ केलेलं फेविकॉल काडीने लावा, ते सुकल्यावर पारदर्शक होतं आणि चुकलं तर पाण्याने निघतं.

टायर, आणि गाडी ठेवायची कशी

१९६७ चे टायर खाचांचे, एफ-१ मध्ये स्लिक १९७१ ला आले. टायरच्या मधोमध साच्याची रेघ असते. सरसकट घासली तर खाचा जातात. म्हणून रेघ नव्या ब्लेडने आडवं धरून कापा आणि मग ४०० नंबरचा पेपर फक्त उंच ठोकळ्यांवर हलका फिरवा. चकाकी जाते आणि थोडा वापर झाल्यासारखं दिसतं.

मऊ टायरमधलं प्लास्टिसायझर काळानुसार बाहेर येतं आणि पॉलिस्टायरिनच्या रिमला विरघळवतं. ही प्रक्रिया उष्णतेत वेग घेते, आणि आपल्याकडे बंद काचेच्या कपाटात मेमध्ये काय तापमान होतं ते वेगळं सांगायला नको. जुन्या किटमध्ये टायर काढला की रिमचा कडा चिकट लोण्यासारखा हाताला लागतो. टायर चढवण्याआधी रिमच्या बसणाऱ्या जागेवर स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलची ३ मि.मी. रुंद पट्टी पातळ गोंदाने गुंडाळा. पट्टीची टोकं एकमेकांवर १ मि.मी. हून जास्त चढू देऊ नका, नाहीतर टायर तिथे फुगतो आणि चाक डगमगल्यासारखं दिसतं.

चाकं बसल्यावर गाडी पुन्हा त्या काचेवर आणा. चारी टायरखाली कागदाच्या पट्ट्या, चारही सारख्याच अडकल्या पाहिजेत. आता पिनांना पाच मिनिटांची इपॉक्सी लावा, इंजिन बसवा आणि पुढचा-मागचा आस रेघांवर आणून पट्ट्या एकेक करून ओढून पाहा. एक सैल असेल तर तीन मिनिटांच्या आत इंजिन बोटाने किंचित फिरवा, त्या ०.२ मि.मी.च्या ढिलेपणात. घट्ट झाल्यावर २४ तास हात लावू नका.

कपाटात गाडी टायरवर वर्षभर उभी राहिली तर टायर खाली चपटे होतात. सम्पखाली ३ मि.मी. अॅक्रिलिकचा ठोकळा सरकवा, इतकाच उंच की टायर टेकलेले दिसतील पण भार ठोकळ्यावर असेल. कपाट पश्चिमेच्या भिंतीला नको. त्या भिंतीवर संध्याकाळपर्यंत ऊन असतं आणि ती रात्री दहापर्यंत गरम राहते.